दाणे ठेवले की फक्त पारवेच का येतात?

परसदारात येणारे पक्षी काय खातात आणि कसे खातात, हे रोज सकाळी थोडा वेळ बसून पाहावे, एवढ्याच हेतूने आपण एका ताटलीत मूठभर ज्वारी-बाजरी ठेवतो. पहिले दोन-तीन दिवस चार-सहा चिमण्या येतात, भिंतीवरून एखादी साळुंकी डोकावून जाते आणि आपण मोठ्या उत्साहाने नवी वही काढतो. चौथ्या दिवशी दोन पारवे येतात, म्हणजे ज्यांना आपण सरसकट कबुतरे म्हणतो ते. आठवडा संपेपर्यंत त्यांची संख्या दहा-बारावर गेलेली असते, चिमण्या समोरच्या तारेवर बसून नुसत्या पाहत असतात आणि वहीच्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच नोंद उरते: ‘पारवा, ज्वारी’. ताटली उचलली की पारवे जातात. पुन्हा ठेवली की दुसऱ्या दिवशी हजर होतात.

पुण्यातील एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर आमचे घर आहे आणि घरामागे सुमारे १५ फूट रुंद व २० फूट लांब अशी मोकळी जागा आहे. तिथे एक कढीपत्ता, एक लिंबू, दोन जास्वंदी आणि कुंडीतली किरकोळ झाडे आहेत, तर कुंपणाच्या भिंतीपलीकडे एक जुना उंबर आहे. या जागेत वरील प्रकार तीन वर्षांत चार वेळा घडला. प्रत्येक वेळी मी उपाय बदलला, पण कारण शोधले नाही. आणि कारण शोधले नाही म्हणूनच तो पुन्हा पुन्हा घडत राहिला. ज्यांच्याकडे हीच अडचण आहे त्यांचा वेळ वाचावा म्हणून काय चुकत होते आणि काय केल्याने फरक पडला, ते येथे क्रमाने मांडत आहे.

जे उपाय टिकले नाहीत

सर्वांत आधी मी प्लास्टिकचे घुबड आणून भिंतीवर बसवले. पारव्यांनी तीन दिवस त्याचा मान राखला आणि चौथ्या दिवशी एक पारवा त्याच्या डोक्यावर बसलेला दिसला. त्यानंतर जुन्या सीडी दोरीला बांधून टांगल्या. त्यांच्या चकाकीने पारव्यांपेक्षा चिमण्याच अधिक बिचकल्या, कारण त्या मुळातच सावध असतात आणि नव्या वस्तूजवळ लवकर येत नाहीत. तिसरा उपाय दाण्यांना लाल तिखट चोळण्याचा होता आणि तो का फसला हे समजून घेण्यासारखे आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य सस्तन प्राण्यांना झोंबते, पण पक्ष्यांच्या मज्जातंतूंना त्याची आग जाणवत नाही. रानात मिरचीचे बी पसरते तेही पक्ष्यांमार्फतच. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची मिटक्या मारीत खातो, हे लहानपणापासून पाहिलेले असूनही ते माझ्या लक्षात आले नाही, ही गोष्ट वेगळी. तिखटाने एवढेच झाले की खार यायची बंद झाली आणि तिच्या वाट्याचे दाणेही पारव्यांना मिळाले.

बाजारात मिळणारा चिकट लेप कृपया वापरू नये. त्यात पारवा अडकला नाही तरी लहान पक्ष्याची पिसे अडकतात, आणि पिसे चिकटलेला शिंपी पक्षी किंवा चिमणी उडू शकत नाही. नायलॉनची जाळी गॅलरी बंद करण्यासाठी लावायचीच असेल तर ती ताठ ताणून लावावी. सैल, घोळदार जाळीत पक्षी गुरफटतात आणि आपल्याला ते कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

कारण खाण्याच्या रीतीतच आहे

आपण ज्या गोष्टीचे निरीक्षण करण्यासाठी ताटली ठेवली, त्याच गोष्टीत या अडचणीचे उत्तर दडलेले आहे. चिमणी दाणा चोचीत धरते, जबड्यात फिरवते, त्याचे साल चोचीच्या कडांनी सोलून टाकते आणि आतला गर खाते. एका दाण्यामागे तिचा काही वेळ जातो आणि मधूनमधून ती मान वर करून आजूबाजूला पाहते, त्यात आणखी वेळ जातो. पारवा असले काहीच करीत नाही. तो दाणा अख्खा गिळतो, एकामागून एक गिळत राहतो आणि गळ्याखालच्या पिशवीत साठवतो. पचवण्याचे काम पुढे सावकाश, कुठल्याशा छज्जावर बसून होते. त्यात चिमणीचे वजन २५ ते ३० ग्रॅम, तर पारव्याचे साधारण ३०० ग्रॅम. सपाट, उघड्या ताटलीवर या दोघांची गाठ घालून दिली तर निकाल ठरलेलाच असतो. पारवा चिमणीला चोचीने मारतो असे क्वचितच दिसते. तो तिथे नुसता उभा राहतो आणि जागा संपते.

दुसरे कारण याहून खोल आहे. पारव्याच्या जातीत नर आणि मादी दोघेही गळ्याखालच्या त्या पिशवीच्या अस्तरातून दह्यासारखा पौष्टिक स्राव तयार करतात आणि पिल्लांना सुरुवातीचे दिवस तोच भरवतात. त्यामुळे पारव्याला पिल्ले वाढवण्यासाठी अळ्या-किडे शोधावे लागत नाहीत. धान्य मिळत राहिले की पुरते, आणि शहरात ती सोय बाराही महिने असल्यामुळे त्यांची वीणही जवळजवळ वर्षभर चालते. चिमणीचे तसे नाही. ती स्वतः दाणे खात असली तरी तिच्या लहान पिल्लांना मऊ अळ्या, मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे), कोळी, नाकतोड्याची पिल्ले असा आहार लागतो. म्हणून आपण रोज पसाभर ज्वारी ठेवतो तेव्हा ती पारव्यांच्या पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते. चिमणीच्या पिल्लांची गरज मात्र तशीच राहते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात ज्या मोजक्या पक्ष्यांची भरभराट नोंदवली आहे त्यांत पारवा आहे, तर त्याआधीच्या २०२० च्या अहवालात देशभरात चिमणी बऱ्यापैकी टिकून असली तरी मुंबईसह सहा महानगरांत ती हळूहळू कमी होत असल्याचे म्हटले होते. या दोन गोष्टी एकमेकींमुळेच घडतात असा दावा मी करणार नाही. पण ताटलीत काय ठेवावे याचा विचार करताना दोन्ही ध्यानात असलेल्या बऱ्या.

आधी खात्री करा

कधीकधी ताटली रिकामी होते आणि कोणी रिकामी केली ते आपण पाहिलेले नसते. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. सालासकट मिळणारे राळे किंवा वरी घेऊन ताटलीत पातळ थर पसरावा आणि दोन तासांनी पाहावे. ताटलीत हलकी फोलपटे उरली असतील तर चिमण्या किंवा मुनिया (दाणे खाणारे चिमणीहून लहान पक्षी) येऊन गेल्या. ताटली धुतल्यासारखी स्वच्छ असेल तर पारवे. ज्वारी-बाजरीच्या मळणी केलेल्या दाण्यावर असे साल नसते, म्हणून त्यांच्यावर ही चाचणी होत नाही. शेंगदाण्याची टरफले कुरतडलेली असतील तर खार, आणि ताटली रात्रीतून रिकामी होत असेल व कडेला काळ्या लेंड्या असतील तर उंदीर. पक्षी रात्री दाणे टिपत नाहीत.

याच सुमारास दुसरी एक गोष्ट तपासावी लागते: पारवे आपल्या ताटलीसाठी येतात की जवळच कोणी पोत्याने धान्य टाकते आणि आपली ताटली ही त्यांची फक्त वाटेवरची थांबण्याची जागा आहे? आमच्याकडे चौथ्यांदा उपाय फसला तो यामुळे. मी दाणे पूर्ण बंद केले होते, तरी पारवे भिंतीवर बसून असत. चौकशी केल्यावर कळले की चौथ्या मजल्यावरचे काका रोज सकाळी गच्चीवर दोन किलो गहू टाकतात. ही गोष्ट बोलायला अवघड असते, कारण समोरचा माणूस ती पुण्यकर्म म्हणून करीत असतो. मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून २०२५ साली केवढा वाद झाला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत कसा गेला, हे सर्वांनी पाहिले आहे. मी काकांशी धर्मावर बोललो नाही. “काका, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर केवढी घाण साठली आहे, एकदा माझ्याबरोबर वर येऊन पाहता का?” एवढेच विचारले. ते आले, त्यांनी पाहिले आणि म्हणाले, “अरे, हे पाणी आपण सगळे पितो की!” आता ते गच्चीवर गव्हाऐवजी पाण्याची परात ठेवतात. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासावाटे गेल्यास काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते, तेव्हा हा मुद्दा केवळ सोवळेपणाचा नाही. ती विष्ठा कोरडी खरवडू नये. आधी पाणी मारून ओली करावी आणि तोंडाला मास्क बांधून मगच काढावी.

ज्याने फरक पडला तो क्रम

सर्वप्रथम दाणे पूर्णपणे बंद करावे लागतात आणि बंद म्हणजे बंद. सणासुदीला एक दिवस, पाहुण्यांच्या मुलांसाठी एक दिवस, असे केले की पारव्यांची फेरी सुरूच राहते. जिथे कधीमधी मिळते त्या जागेवर ते चिकाटीने लक्ष ठेवून असतात. आमच्याकडे त्यांचे येणे थांबायला सोळा दिवस लागले. मी तीन आठवडे धरून चालायला सांगेन. या काळात पाण्याचे भांडे मात्र काढू नये. पसरट मातीचे भांडे, पाण्याची खोली दोन-तीन बोटांपेक्षा जास्त नाही, मध्ये एक खडबडीत दगड, आणि भांड्याभोवती सात-आठ फूट मोकळी जागा, म्हणजे झुडपाआडून मांजराला झडप घालता येत नाही. पाणी रोज बदलावे, नाहीतर पक्ष्यांआधी डास येतात. पाण्यावरसुद्धा निरीक्षण होते: चिमणी चोचीत पाणी घेऊन मान वर करते तेव्हा ते घशात उतरते, तर पारवा चोच पाण्यात बुडवून मान वर न करता ओढून पितो. हा फरक एकदा पाहिला की पुन्हा विसरला जात नाही.

तीन आठवड्यांनंतर दाणे पुन्हा ठेवायचे असतील तर ते ताटलीत ठेवू नयेत, कणसात ठेवावेत. माझे आजोळ राजापूरकडचे. तिथे नवान्नाच्या वेळी दाराला भाताच्या लोंब्यांची जुडी बांधत, आणि दुसऱ्या दिवसापासून चिमण्या तिला लोंबकळून दाणे सोलत असत. अंगणात पारवेही होते, पण त्या जुडीवर पारवा बसलेला मी कधी पाहिला नाही. याचे कारण सरळ आहे: पारव्याचे पाय सपाट जागेवर चालण्यासाठी असतात, हलत्या काडीला पकडून उलटसुलट लोंबकळणे त्याला जमत नाही. चिमणी आणि मुनिया यांचा तर तो नित्याचा उद्योग आहे. ही आठवण मला चौथ्या फजितीनंतर झाली, पहिल्या वेळी झाली असती तर प्लास्टिकच्या घुबडाचे पैसे वाचले असते.

बाजरीचे भरलेले कणीस सुतळीने बांधून मोकळे टांगावे, ते वाऱ्याने हलले पाहिजे. भिंतीपासून किंवा खिडकीच्या कठड्यापासून ते किमान हातभर दूर असावे, कारण पारव्याला शेजारी उभे राहायला जागा मिळाली की तो मान लांब करून टोचतो. कणसाखाली काय आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. चिमण्या जितके खातात त्याच्या निम्म्याइतके सांडतात असे म्हटले तरी चालेल, आणि खाली मोकळी फरशी असेल तर पारवे त्या सांडलेल्या दाण्यांवर येतात. मी कणसाखाली कुंड्या दाटीने मांडल्या. त्या गर्दीत पारव्याला उतरता येत नाही आणि चिमणी मात्र पानांमधून आत शिरते. हा बदल केल्यावर पारवे दोन दिवस येऊन घिरट्या घालून गेले, एकाने कणसावर बसण्याचा प्रयत्न केला, पंख फडफडवत तो खाली आला आणि नंतर फिरकला नाही. कणसे दिवाळीच्या सुमारास मंडईत किंवा गावाकडून येणाऱ्या कोणाकडून मिळतात. दहा-पंधरा कणसे घेऊन, कडक उन्हात वाळवून कोरड्या डब्यात ठेवली तर बरेच महिने पुरतात.

ज्यांना कणसे मिळत नाहीत त्यांनी जाळीचा पिंजरा करावा. दोन इंची चौकोनांची वेल्डमेश जाळी घेऊन सुमारे दीड फुटाचा चौकोनी डबा करावा आणि दाण्यांची लहान वाटी अगदी मध्यभागी ठेवावी. चिमणी चौकोनातून आत जाते. पारव्याची मान आत जाते, पण चोच वाटीपर्यंत पोचत नाही. पुष्कळ जण पिंजरा लहान करतात आणि मग उपाय फसला म्हणतात. जाळी आणि वाटी यांच्यात चारही बाजूंनी वीतभर अंतर हवे, तेवढे नसेल तर सगळे व्यर्थ आहे. दाणे एका वेळी दोन चमच्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत. सकाळी ठेवलेले दुपारी शिल्लक असतील तर दुसऱ्या दिवशी कमी करावेत. पाव, फरसाण, मीठ घातलेला भात हे पदार्थ लहान पक्ष्यांसाठी योग्य नाहीत, आणि भिजलेल्या दाण्यांना व शेंगदाण्यांना पावसाळ्यात बुरशी लागते ती विषारी असू शकते. म्हणून जून ते सप्टेंबर मी दाणे ठेवतच नाही.

मुळात ताटलीची गरज आहे का

तीन आठवडे दाणे बंद असताना माझ्या वहीचे काय झाले, हे सांगायला हवे, कारण खरी अडचण तिथे सुटली. पहिले दोन दिवस मी नुसता चरफडत बसलो. तिसऱ्या दिवशी कढीपत्त्यावर एक शिंपी दिसला. तो पानांच्या खालच्या बाजूने, शेपटी ताठ उभी करून, एकेक पान तपासत होता आणि मधूनच चोचीत काहीतरी घेऊन पुढे सरकत होता. जवळ जाऊन पाहिले तर कोवळ्या शेंड्यांवर मावा पडलेला होता. एरवी मी त्यावर औषध मारले असते. त्यानंतर आठ दिवसांत त्याच झाडावर चष्मेवाल्यांची एक टोळी येऊन गेली. हे पक्षी अगदी उलटे लटकून शेंड्यांवरचे किडे वेचतात. राखी वटवट्या हा छोटा पक्षी खालच्या फांद्यांमध्ये फिरत होता. दयाळ भिंतीच्या कडेला बसून जमिनीकडे टक लावून पाहत असे, खाली झेप घेई, गांडूळ किंवा किडा उचली आणि पुन्हा जागेवर येई. हे सगळे आधीही घडत असणार. मी ताटलीकडे पाहत होतो म्हणून ते दिसत नव्हते.

थोडक्यात, ताटलीवर येणाऱ्या पक्ष्यांची नोंद ठेवली की आपल्याला ताटलीची माहिती मिळते. परसदारात येणारे बहुतेक पक्षी धान्य खातच नाहीत. दोन्ही जातींचे बुलबुल, म्हणजे लालबुड्या आणि डोक्यावर टोकदार तुरा असलेला शिपाई, फळांवर आणि किड्यांवर जगतात. कढीपत्त्याची काळी फळे पिकली की ते रोज येतात, आणि कोकीळही येते. शिंजीर फुलातला मध पितो, पण पिल्लांना कोळी आणि किडे भरवतो. जास्वंदीचे फूल त्याच्या चोचीच्या मानाने खोल असते, म्हणून तो पुष्कळदा समोरून न शिरता पाकळ्यांच्या बुडाशी बाजूने भोक पाडून मध काढतो; फुलाला त्यात काही लाभ नाही, कारण परागकणांना त्याचा स्पर्शच होत नाही. साखरेचे पाणी टांगून शिंजीर बोलावण्याचा प्रकार मला पटत नाही; त्याला मुंग्या लागतात, उन्हाने ते आंबते आणि एका जास्वंदीने किंवा कर्दळीने जे काम होते त्यासाठी तो खटाटोप कशाला?

भिंतीपलीकडच्या उंबरावर फळे लागली की चित्र पुन्हा बदलते. तांबट पक्षी दिवसभर तिथेच असतो, साळुंक्या भांडतात, कोकीळ-कोकिळा दोघेही दिसतात आणि एखाद्या सकाळी राखी धनेशाची जोडी येऊन फळे हवेत उडवून झेलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळपास पांगारा किंवा काटेसावर फुलली असेल तर कावळे, साळुंक्या आणि पळसमैनांचे थवे यांची मधासाठी झुंबड पाहायला गॅलरीसुद्धा पुरते. पावसाळ्यात कुंडीआड गोगलगाई वाढल्या की भारद्वाज जमिनीवर उतरून त्या शोधतो. आणि एका कोपऱ्यात गवत वाढू दिले तर ऑगस्टनंतर त्याच्या तुऱ्यांवर ठिपकेदार मुनिया येतात. त्या गवताची काडी पायाने वाकवून बी सोलतात. आमच्या सोसायटीचा माळी दर महिन्याला ते गवत कापून टाकतो. त्याला विनंती करून चार फूट पट्टा राखून घेतला आहे, तरी दोन वेळा तो कापला गेलाच.

म्हणून माझा सल्ला असा आहे की दाणे हा निरीक्षणाचा मुख्य आधार ठेवू नये. कणीस टांगावे ते तुलनेसाठी: कणीस असताना चिमण्या काय करतात आणि नसताना काय करतात. एप्रिलमध्ये आमच्या मीटरच्या पेटीमागे चिमणीचे घरटे होते. कणीस चार फुटांवर लटकत होते, नर-मादी स्वतः त्यावर खात होती, पण घरट्यात नेताना प्रत्येक वेळी चोचीत हिरवी अळी किंवा कोळी असे. दोन तासांच्या नोंदीत घरट्याकडे नेलेला एकही दाणा मला दिसला नाही.

नोंद कशी करावी, म्हणजे फसगत होत नाही

ठराविक जागी, घराच्या आत, पडद्यामागे बसावे आणि एका वेळी २० मिनिटे पाहावे. दरवर्षी फेब्रुवारीत होणाऱ्या परसदारातील पक्षिगणनेत किमान १५ मिनिटांची अट असते. तेवढा वेळ तरी हवाच, कारण पहिली पाच मिनिटे पक्षी आपल्या हालचालीने बिचकलेले असतात. दुर्बीण ८ बाय ४० ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी व ४० मिलिमीटर भिंगाची, पुरेशी होते. वहीत सहा रकाने आखावेत: वेळ, पक्षी, तो कुठे होता, त्याने काय केले, काय खाल्ले, आणि खाल्ले ते गिळले की नेले. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. पण ‘नेले’ याचा अर्थ बहुधा पिल्ले आहेत असा होतो आणि मोठ्यांचा व पिल्लांचा आहार त्यावरूनच वेगळा कळतो.

एका पक्ष्याची एकाच बैठकीत एकच नोंद करावी, तीही त्याच्या पहिल्या कृतीची. एक चिमणी दहा मिनिटांत पन्नास वेळा टिपते. ते पन्नास आकडे लिहिले तर परसदारात सगळे दाणेच खाल्ले जातात असे भासेल. ‘अन्न’ या रकान्यात अंदाज लिहू नये. चोचीत काय होते ते दिसले नसेल तर ‘दिसले नाही’ असे लिहावे. माझ्या पहिल्या वहीत शिंप्यासमोर तीन पानेभर ‘अळी’ लिहिलेले आहे. त्यांतल्या किती अळ्या मी खरोखर पाहिल्या होत्या ते आता मलाही सांगता येणार नाही, म्हणून ती तिन्ही पाने बाद केली.

पारवे पुन्हा आले तर

येतात. आमच्याकडे गेल्या वर्षी मी आठ दिवस परगावी गेलो असता घरकामाच्या मावशींनी प्रेमाने कुंड्यांच्या कठड्यावर तांदूळ टाकला आणि परतलो तेव्हा नऊ पारवे होते. अशा वेळी पुन्हा तीन आठवडे थांबावे लागत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत लक्षात आले तर दाणे उचलून जागा धुऊन टाकली की आठवड्याभरात फेरी मोडते. मावशींना मी घरट्याची नोंद दाखवली. “म्हणजे पिलाला भात नको, किडा पाहिजे?” असे विचारून त्या खूप हसल्या, आता कढीपत्त्यावर अळी दिसली की त्याच मला हाक मारतात.

कणसाला पारवे न येता उंदीर येऊ लागले तर सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत आणि कणीस रात्री घरात आणावे. खार कणीस अख्खे तोडून नेत असेल तर सुतळीऐवजी बारीक तार वापरावी, आणि तिखटाचा उपाय इथे मात्र चालतो. पारव्यांनी पिंजऱ्याच्या छतावर बसून विष्ठा करायला सुरुवात केली तर छत सपाट न ठेवता उतरते करावे.

राहता राहिला कावळा. तो दाण्यांसाठी येत नाही, पण कुठून तरी वाळलेली पोळी किंवा हाड आणून आमच्या पाण्याच्या भांड्यात भिजवत ठेवतो, इकडेतिकडे पाहतो आणि मऊ झाल्यावर येऊन खातो. बाकी पक्ष्यांना ते पाणी चालत नाही. त्याला हाकलून उपयोग झाला नाही, म्हणून भिंतीच्या टोकाला त्याच्यासाठी वेगळे, थोडे खोल भांडे ठेवले. पाचव्या दिवसापासून तो तिथेच पोळी भिजवतो आणि त्यातून सुटलेले तुकडे साळुंकी वेचते.